सरांचे हात, माझे उलटे वेढे

सर, परवा तुमच्या शोकसभेत जो उठला तो तुमच्या हातांबद्दल बोलला. ट्रलीहून आलेले डॉक्टर म्हणाले, सरांच्या हाताला गुण होता. तुमच्याकडे शिकून गेलेला एक सर्जन म्हणाला, सरांनी मारलेली गाठ कधी सुटली नाही. मी तिसऱ्या रांगेत बसून मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, सुटली होती बाबांनो, मी पाहिली आहे.

मग तुमच्या केतकीने माझं नाव घेतलं. "अनघाताई आठ वर्षं बाबांच्या पेशंटना भूल देत होती, तिने बोलावं," म्हणाली. तुमच्या कौशल्यावर बोलायचं असं ठरवून उठले आणि बोलले ते गांडुळांबद्दल. तुम्ही एक गांडूळ दोन गळांवर किती प्रेमाने सरळ ताणून बसवायचात, ते मी हातवारे करून दाखवलं. ॲडम्सटाउनच्या त्या नव्याकोऱ्या हॉलमध्ये अर्धे लोक गोंधळले, बाकीचे हसले. वहिनी पदराने डोळे पुसता पुसता हसत होत्या. बरं वाटलं.

पण जे बोलायचं होतं ते तिथे बोलता आलं नाही. तुमचे हात थरथरायला लागले होते, तुम्ही तरीही ऑपरेशनं करत होता आणि ते मला ठाऊक होतं. त्या पाच महिन्यांवरून आपलं जे भांडण झालं, ते आपण दोघांनी कधी पुरं केलं नाही. आता तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, तेव्हा मी पुरं करते. तुम्हाला मध्ये बोलायची फार खोड होती.

नव्याण्णव साली मी नागपूरहून इथे आयर्लंडला आले, तेव्हा या गावात मराठी बोलणारी घरं दोन होती. एक तुमचं, आणि दुसरं म्हणजे हॉस्पिटलच्या आवारातली माझी खोली. पहिल्याच रविवारी वहिनींनी जेवायला बोलावलं. मी साडी नेसून, हातात केकचा डबा घेऊन आले, तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर गळ, रंगीत मणी, पितळी चकत्या आणि तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीची, रिळं पसरलेली. जेवायला जागाच नव्हती. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि तुमच्या कोल्हापुरी सुरात विचारलंत, "सुईत दोरा ओवता येतोय का? मग बस इथं."

अमेरिकेत मिनेसोटाला तुम्ही एक वर्ष काढलं होतं आणि तिथल्या थिएटरमधल्या एका टेक्निशियनने तुम्हाला हे वेड लावलं होतं. हार्नेस म्हणायचात तुम्ही त्याला. चार फूट तंगूस. खालच्या टोकाला एकामागे एक दोन गळ, त्यांच्यावर पाच-सहा मणी, मण्यांवर एका बारीक कडीत अडकवलेली चकती, आणि सगळ्यात वर दोरीला जोडायचा फास. होडी हळूहळू पुढे गेली की चकती गरगर फिरते, मणी लुकलुकतात आणि मागून गांडूळ सरळ पोहत येतं. मिनेसोटात हे सगळं वॉलाय नावाच्या माशासाठी करतात. आयर्लंडच्या एकाही तळ्यात वॉलाय नाही. हे तुम्हाला पहिल्याच वर्षी कळलं होतं, पण तुम्ही त्याला फारशी किंमत दिली नाहीत. इथे काळ्या पट्ट्यांचा, काटेरी पाठीचा पर्च मिळतो, तो तुम्हाला चालला.

वहिनी तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अहो, बायकोचं मंगळसूत्र दोन वर्षं ओवून द्या म्हणतेय ते राहिलं, आणि गांडुळांना रोज नवं!" तुम्ही हसला नाहीत. हातातली गाठ अर्धवट होती.

त्या गाठीवरच तर तुमचं सगळं होतं. गळाच्या दांड्यावर तंगूस सात वेळा गुंडाळायचा, वेढा वेढ्याला चिकटून, एकावर एक चढता कामा नये. मग थुंकी लावून हळू ओढायचा. आधी मागचा गळ, मग पुढचा. मी डावखुरी, त्यामुळे तुमच्या शेजारी बसून मला काही जमेना. तेव्हा तुम्ही उठून माझ्या समोर येऊन बसलात आणि म्हणालात, "आता आरशात बघितल्यासारखं कर." तसं केलं आणि जमलं. फक्त माझे वेढे तुमच्या उलट्या दिशेने जायचे. तुम्ही भिंग लावून बघितलंत आणि जाहीर केलंत की माशाला दिशा कळत नाही, पास.

मग बाथटबमधली परीक्षा. तुमच्या घरात पाहुण्यांना अंघोळीसाठी थांबावं लागायचं, कारण टब भरून तुम्ही त्यात हार्नेस ओढत बसलेले असायचात. चकतीची खोलगट बाजू मण्यांकडे आहे ना, हळू ओढली तरी फिरते ना. नाही फिरली की कडीखाली एक मणी आणखी. मी एकदा चकती उलटी ओवली होती, तर तुम्ही वहिनींना हाक मारून दाखवलीत. इतका आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला.

मी मासे खात नाही. आमच्याकडे अंडंसुद्धा अंगणात चुलीवर शिजायचं. तरी शनिवारी सकाळी डोनलच्या होडीत तिसरी मी असायचेच. डोनल हा निवृत्त पोस्टमन, होडी त्याची, वल्ही त्याची, गांडुळंही त्याच्याच परसातल्या खताच्या ढिगातली. तुमचे मणी पहिल्यांदा बघून तो म्हणाला होता, "डॉक्टर, आमचे मासे दागिने घालत नाहीत." त्या सकाळी तुम्ही अकरा पर्च धरले आणि त्याने साध्या गळावर दोन. पुढच्या शनिवारी त्याने हळूच विचारलं, डॉक्टरांकडे त्यातला एखादा जास्तीचा आहे का. तुम्ही त्याला सहा दिलेत, आणि त्यातला एक मी बांधलेला आहे हे दहा वेळा सांगितलंत.

गांडूळ टोचणं मात्र मला शेवटपर्यंत आवडलं नाही. तुम्ही म्हणायचात, "तू भूल दे त्याला, मी टोचतो." पुढच्या गळावर तोंड, मागच्या गळावर मधला भाग, आणि मध्ये ताण अगदी नेमका. ढिलं राहिलं की गांडूळ वळतं, ते वळलं की सगळा हार्नेस फिरतो आणि तंगुसाला पीळ बसतो. दोन गळांत अंतर किती, यावरून आपण किती शनिवार भांडलो! तुमचं म्हणणं चार बोटं. माझं म्हणणं, चार बोटं मिनेसोटातल्या गांडुळाला. डोनलच्या ढिगातलं गांडूळ तीन बोटांचंच. मी अजूनही तीन बोटांवर ठाम आहे. आकडे माझ्या बाजूने होते आणि ते तुम्ही मुद्दाम मोजायचं टाळायचात.

आता त्या दिवाळीवर येते.

फराळाला आले होते. तुम्ही टेबलाशी बसून गाठ मारत होता. चौथा वेढा तिसऱ्यावर चढला. तुम्ही सोडलात, पुन्हा घेतलात. पुन्हा चढला. "बल्ब गेलाय बहुतेक," म्हणालात. बल्ब ठीक होता. पुढच्या रविवारी बल्ब नवा होता आणि तुम्ही म्हणालात, चष्म्याचा नंबर वाढलाय. त्याच्या पुढच्या रविवारी तंगूस खराब निघाला. डावा हात मांडीवर ठेवला की अंगठा आपोआप बोटावर घासल्यासारखा हलायचा. मी डॉक्टर आहे, सर. मला पहिल्या रविवारीच कळलं होतं.

आणि मी काय केलं? "मणी लावून आणते" म्हणून तुमचा डबा घरी नेला आणि तुमच्या सगळ्या सैल गाठी कापून पुन्हा बांधल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मार्चपर्यंत. सरांना कसं सांगायचं, म्हणून सरांच्या गाठी रात्रंदिवस झाकत बसायचं, हा मूर्खपणा आपल्याकडच्याच मुलीला सुचू शकतो. बरोबरच्या आयरिश मुलीने पहिल्या आठवड्यात तुम्हाला चहाला नेऊन सरळ विचारलं असतं. आम्ही लहानपणापासून मोठ्यांच्या चुका पदराखाली घ्यायला शिकलो, आणि त्याला आदर म्हणत आलो.

हॉस्पिटलमध्ये मी ड्यूट्या बदलून घेऊन तुमच्या प्रत्येक ऑपरेशनला हजर राहायला लागले. पेशंटच्या उशाशी उभी राहून मॉनिटरकडे कमी आणि तुमच्या हातांकडे जास्त बघायचे. अजून सगळं ठीक होतं. काम करताना हात थांबायचा, रिकामा असताना हलायचा. मग फेब्रुवारीत एकदा तुम्ही आतली गाठ मारायला ज्युनियरला सांगितलंत आणि म्हणालात, "लाइट नीट नाहीये आज." मी वर दिव्याकडे बघितलं. दिवा लख्ख होता. कुणाला काही झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. पण आपण दोघंही नशिबावर चाललो होतो, आणि टेबलावर झोपलेल्या माणसाला त्याची कल्पना नव्हती. माझी चूक तुमच्या चुकीहून लहान नव्हती, हे मी आज लिहून ठेवते.

मग तो मार्चमधला शनिवार. तळ्यावर वारा नव्हता. डोनल वल्हवत होता. तुम्ही डब्यातून एक हार्नेस काढलात, गांडूळ घ्यायला हात पुढे केलात आणि थांबलात. हार्नेस डोळ्यांपाशी धरलात. मग दुसरा काढलात, तिसरा काढलात.

"वेढे उलटे आहेत," तुम्ही म्हणालात.

मी डब्याचं झाकण लावायला हात पुढे केला.

"हे माझे नव्हेत. सगळे तुझे आहेत. कधीपासून?"

"दिवाळीपासून, सर."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुम्हाला माहीत नव्हतं का?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. पण पाच महिने गप्प बसून मला माझीच लाज वाटायला लागली होती. मी म्हणाले, "इथे गाठ सुटली तर मासा जातो, सर. तिथे माणूस जाईल. तुम्ही ऑपरेशन थांबवा."

"तू भूल देणारी. माझ्या हातांची परीक्षा तू घेणार?"

"घेतली. पाच महिने घेतेय."

"लई शहाणी झालीयास. मी तुला गाठ शिकवली, अनघा."

"म्हणूनच मला सुटलेली ओळखता येते."

डोनलला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्याने वल्ही वर उचलली होती. "ऑल ग्रँड, डॉक्टर?" त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "ग्रँड. बॅक, प्लीज." परत येताना तुम्ही माझ्या थर्मासमधला चहा घेतला नाहीत. आठ वर्षांत तेवढाच एकदा.

सोमवारी सकाळी तुम्ही स्वतः मेडिकल डायरेक्टरकडे गेलात आणि ऑपरेशनच्या यादीवरून आपलं नाव काढायला सांगितलंत. दुपारपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला कळलं. पुढच्या महिन्यात तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं, कंपवात. ते आपल्या दोघांनाही आधीच ठाऊक होतं.

आणि मग तुम्ही माझ्याशी आठ महिने बोलला नाहीत. कॉरिडॉरमध्ये समोर आलात की "मॉर्निंग," इंग्रजीत. नागपूर सोडताना मी रडले नव्हते, पण तुमच्या त्या "मॉर्निंग"ने मी औषधांच्या खोलीत जाऊन रडायचे. माझं बरोबर होतं, याबद्दल मला एक क्षणभरही शंका आली नाही. पण बरोबर असणं आणि शनिवारी सकाळी कुठे जायचं हे न कळणं, दोन्ही एकाच वेळी होतं. दोन-तीनदा मी एकटीच तळ्याच्या काठाला जाऊन गाडीत बसून परत आले.

दिवाळीला वहिनींचा फोन आला. "चकल्या झाल्यात. ये, आणि नखरे नकोत." मी आले. तुम्ही टेबलाशी बसला होतात, वर्तमानपत्र अंथरलेलं, मण्यांचे डबे उघडलेले. दोन्ही हात आता हलत होते. वर न बघता तुम्ही म्हणालात, "बस. मणी मी निवडतो, गाठी तू मार." वहिनींनी प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, चिवड्याचा डबा काढून मध्ये ठेवला. इथे राहून राहून त्यांचंही कपाट प्रेस झालं होतं. आपण तासभर काम केलं. त्या विषयाचा एक शब्द निघाला नाही, तेव्हाही नाही आणि पुढच्या दीड वर्षातही नाही.

ते दीड वर्ष मी कुणालाही देणार नाही. तुम्ही रंग सांगायचात: ढगाळ असेल तर नारिंगी आणि पितळ, ऊन असेल तर हिरवा आणि चांदी. ज्युनियर मुलांना तुम्ही पोटाची रचना फळ्यावर शिकवायला लागलात, आणि ती मुलं तुमच्या तासाला जागा धरायची. थरथरत्या हाताने काढलेल्या तुमच्या त्या आकृत्या मी माझ्या भूल देणाऱ्या मुलींना अजून दाखवते. होडीत तुम्ही नुसते बसायचात, टोपी खाली ओढून, आणि माझी दोरी हलली की माझ्या आधी ओरडायचात. मागच्या उन्हाळ्यात तीन बोटांच्या हार्नेसवर दोन किलोच्या आसपासचा पर्च आला. डोनल म्हणाला, त्याने जन्मात एवढा पाहिला नाही. तुम्ही म्हणालात, "चार बोटांवर तीन किलोचा आला असता."

सभेत सगळे म्हणाले की तुमच्या हातांनी किती जणांना वाचवलं. खरंच आहे. पण माझ्या लेखी तुमच्या हातांचं सगळ्यात मोठं काम त्या सोमवारचं. ज्या हातांवर तुमचं नाव, तुमचा रुबाब, तुमचं सगळं उभं होतं, ते तुम्ही स्वतः बाजूला ठेवलेत. मी अनेक सर्जन पाहिले, सर. असं करणारे फार थोडे पाहिले. मला तुमचा अभिमान वाटतो, आणि हे तुम्ही जिवंत असताना म्हटलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता.

सभा संपल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्यांना तुझा राग नव्हता गं. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती. नेहमी म्हणायचे, अनघाने कुणाला सांगितलं नाही. सगळं माझ्यावर सोडलं. त्या सोमवारी मी डायरेक्टरच्या खोलीतून बाहेर आलो, तर पोरगी दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. माझ्यासाठी येऊन उभी राहिली होती."

मी वहिनींना मिठी मारली. त्यांना ते तसंच राहू दे. तुम्हाला मात्र खरं सांगते.

मी तुमच्यासाठी आले नव्हते, सर. माझ्या कोटाच्या खिशात एक पत्र होतं, रविवारी दिवसभर बसून लिहिलेलं. तुमचं नाव, दिवाळीपासूनच्या सगळ्या तारखा, फेब्रुवारीतलं ते ऑपरेशन, आणि मी स्वतः किती महिने गप्प राहिले तेही. मी ते डायरेक्टरच्या हातात द्यायला आले होते. साडेआठलाच पोहोचायचं ठरवलं होतं, पण आपल्या हॉस्पिटलच्या आवारात पार्किंग मिळेना. तीन फेऱ्या मारल्या. वर आले तेव्हा नऊला पाच कमी होते, दार उघडलं आणि तुम्ही बाहेर आलात. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. माझा हात खिशात पत्रावर होता.

त्या तीन फेऱ्यांमुळे तुम्ही स्वतःच्या पायांनी आत गेलात. मी लवकर पोहोचले असते तर डायरेक्टरने तुम्हाला बोलावून घेतलं असतं, आणि मग दिवाळीला टेबलावर माझ्यासाठी खुर्ची नसती. त्या पार्किंगचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण ते पत्र मी फाडलेलं नाही आणि त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी गाडी घरी ठेवून चालत येईन. आणि कधी माझे हात थरथरायला लागले असते, तर तुम्ही धावत आला असता.